मागे राहू नकोस

अकरा महिन्यांनी दियोनिसियो बोटीवरून परतला
तेव्हा त्याची पेटी आली, बूट आले,
माझ्यासाठी घेतलेली अत्तराची बाटली आली.
तो मात्र पुरता आला नाही.

पायरीवर बसून असायचा.
हाक मारली की मान वळायची, पण उशिरा,
जणू आवाज कुठल्या लांबच्या बंदराला वळसा घालून येतोय.
ताटात भात निवून जायचा.
लाओआगच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला,
सगळं ठीक आहे असं कागदावर लिहून दिलं.
फादर सेवेरिनोंनी त्याच्यासाठी मिस्सा केली.
सगळे गुडघे टेकले, हा बसूनच.

प्रिमितिवा मावशी,
गल्लीतली निम्मी मुलं जिच्या हातावर जन्मली,
विडीचं जळतं टोक तोंडात धरून म्हणाली,
"जीव थाऱ्यावर नाही, जीव थाऱ्यावर नाही, म्हणताय खरं.
मग आहे कुठे, ते विचारलंत का त्याला?"

मी शाळेत विज्ञान शिकवते.
हृदयाचे चार कप्पे रंगीत खडूंनी काढते.
आमच्याकडे माणसाला एका आत्म्यावर भागत नाही;
एक मेल्यावर जातो,
आणि एक, कारकार्मा, जिवंतपणीच सुटतो हातून:
दचकलं की,
घाईनं उठून निघालं की,
परक्या पाण्याकडे फार वेळ पाहिलं की.
हे मी शिकवत नाही.
पण नदीवरच्या सहलीहून निघताना
मुलांची डोकी मोजून झाली
की हळूच म्हणते, इन्तायोन, चला रे.
मोजणीत न येणारं कुणी मागे राहायला नको.

"कुठे दचकलास?"
बराच वेळ काही नाही. मग म्हणाला,
"शिडीवर. मालाच्या खणात उतरत होतो.
रोमुलो माझ्या वर होता.
मग माझ्या खाली होता."
कुठल्या समुद्रात?
"नकाशावर नुसतं निळं होतं."

जिथे सुटला तिथे जाऊन हाक द्यायची, असा नियम.
समुद्राला कसला पत्ता.
मावशीनं विडी विझवली, कानामागे खोचली.
"पाणी पाण्याला सांगेल," म्हणाली.

दिवेलागणीला आम्ही कुरिमाओच्या खडकांवर गेलो.
त्याचा न धुतलेला शर्ट. मडक्यात तांदूळ,
तांदळात अंडं, आणि एक नाणं.
बारी-बारी, आपो, मावशी पावलागणिक म्हणत होती,
तुम्ही दिसत नाही, पाय लागला तर रागावू नका.
मग तिनं शर्ट हलवला, निघालेल्या बोटीला हलवावा तसा,
आणि हाक मारली.
बाप्तिस्म्याच्या नावानं नव्हे, ते बोटीच्या कागदांवर झिजलेलं;
घरच्या नावानं. दियोनिंग!
दियोनिंग, इन्तायोन! मागे राहू नकोस!

मी पाहत होते. लाट. खेकडा. लाट.
मावशीनं एकदम शर्ट मडक्याच्या तोंडावर दाबला,
बेडूक धरावा तसा.
"पडला भांड्यात," म्हणाली. हसली नाही.
परतताना बोलायचं नसतं, वळायचं नसतं.
मडकं माझ्याकडे होतं. जड वाटलं.
वाळूतून चालताना कुठलंही जड वाटतं.

त्याच तांदळाचा भात केला.
तो शर्ट घालून आत आला, ताटाकडे पाहिलं,
म्हणाला, "रोमुलोसाठी वाढ आधी."
खिडकीत वाढलं: भात, अंडं, थोडी दारू.
तेव्हा तो रडला, तोंड उघडं टाकून, लहानपणी रडायचा तसा,
आणि मग जेवला,
आणि खारवलेली मासळी आंबलीय म्हणून माझ्यावर ओरडला.

काय आलं परत, मला सांगता येणार नाही.
फळ्यावर काढता येणार नाही.
सकाळी मडकं विसळलं, मावशीला द्यायला निघाले.
सतरा वर्षं मी या गावाबाहेर राहिलेली नाही.
तरी कुंपणाशी थांबले,
मडक्यात तोंड घालून
माझं घरचं नाव घेतलं.

आलं परत.
जरा उशिरा.