स्थळप्रत

नागदेवी स्ट्रीटवर, नट-बोल्टच्या दुकानात
मेघजीभाई छेडा मला स्टुलावर बसवतात.
दर मार्चमध्ये, सव्वीस वर्षं.
"बोला बेन, या साली कविता किती वाढली?"
कविता नाही, वर्गाचं भाडं वाढलं.
हसतात. पाच हजार एकचा चेक,
वर अर्धा कप चहा, आणि तोच प्रश्न:
"तुमची स्वतःची एखादी नवीन?"
मी पावतीपुस्तक उघडते.

बीकेसीत, अठराव्या मजल्यावर, तक्ता असतो:
लाभार्थी किती, त्यांत मुली किती,
तीन वर्षांनी दिसणारा परिणाम कोणता.
मी सांगते, काळाचौकीच्या वर्गात एकोणतीस मुलं.
त्यांतली फरझाना 'भिंत' हा एकच शब्द
सात तऱ्हांनी वापरते.
"हे आकड्यात येईल का, मॅडम?"
मुलगा सभ्य आहे, माझ्या भाच्याच्या वयाचा.
येतं की.
सात.

माझा दुसरा संग्रह
अर्जांच्या प्रस्तावनांत खर्च झाला.
एक बरी उपमा सिमेंट कंपनीला गेली,
एक बँकेला, तिमाही अहवालाच्या तळाशी.
दिलेलं परत मागता येत नाही.

बॅलार्ड इस्टेटच्या एका लॉबीत
अडीच तास बसवून ठेवलं, तेव्हा
देणगीदाराचं नाव लिहिताना हात चुकला.
पावती क्रमांक चारशे सतरा. दोन तिरप्या रेघा. रद्द.
मूळ प्रत देणाऱ्याची, स्थळप्रत आमची;
रद्द झाली की दोन्ही आमच्याच.
फाडायची नाही, नियम आहे.
तिच्या पाठीवर मी चार ओळी लिहिल्या,
गोदीच्या भिंतीमागच्या थांबलेल्या क्रेनवर
आणि थोडं आईवर.
दोघी एकाच वाक्यात कशा आल्या, माहीत नाही.

जुलैत टिपणीस आले हिशेब तपासायला.
हिरव्या शाईचं पेन, कानात कापूस.
चारशे सतरापाशी अडले.
पान उलटलं, चष्मा कपाळावर सरकवला.
आता विचारतील, याचं व्हाउचर कुठंय.
पंख्याखाली पानं फडफडत होती, त्यांवर
त्यांनी पंचिंग मशीन ठेवलं.
तिसऱ्या ओळीतली एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली.
खाली खूण. नेहमीची, बरोबरची.

"पुस्तक दहा वर्षं जपा," म्हणाले,
"नंतर तुमची मर्जी."

दहा वर्षं!
पहिल्या संग्रहाला प्रकाशकानं
तीनच दिली होती.

चारशे अठरावर मेघजीभाई आहेत.
चारशे एकोणीस कोरी.
कार्बन थोडा विटलाय,
दाबून लिहावं लागेल.