हिरवं लेबल

सिलिंडरवर हिरवी चौकोनी चिठ्ठी असते, एका टोकावर उभी,
तिच्यात पांढऱ्या अक्षरांत: न पेटणारा वायू.
सतरा वर्षं मी ती चिठ्ठी वाचून शेजारीच बिडी ओढली.
न पेटणारा म्हणजे गरीब, असं धरून चाललो होतो,
न भुंकणाऱ्या कुत्र्याजवळून माणूस जातो तसं.

पिंपळगावच्या पॅकहाउसात मार्चमध्ये रात्र होत नाही.
थॉमसनच्या पेट्या, प्रीकूलिंगच्या तीन खोल्या,
सुरगाण्याच्या बाया कात्रीनं फुटके मणी काढतायत,
आणि मागे, अकरा पायऱ्या उतरून, कॉम्प्रेसरचा खड्डा.
मालकाचा हट्ट. आवाज नको म्हणून जमिनीत गाडलेला.

पावणेतीनला पाइपाचा जोड सुटला.
स्फोट नाही. नुसता फुसफुसाट, कुकरची शिटी अडकल्यागत, लांबत गेलेला.
लादीवर पांढरं धुकं, घोट्याएवढं,
आणि हिरामण भोये पाना घेऊन खाली निघालेला.
"व्हॉल्व बंद केला की आलोच."
चौथ्या पायरीवर थांबला. सातव्या पायरीवर बसला.
बसला तो अगदी घरी आल्यासारखा,
मान भिंतीला टेकून.

वास नाही. खोकला नाही. डोळ्यांत पाणी नाही.
हवेपेक्षा जड असतो हा. पाटाच्या पाण्यासारखा
सखल जागा आधी धरतो,
आणि तिथली हवा
उठून गेलेली कळतही नाही.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच
मागून कुणीतरी कॉलर अशी ओढली की गुंडी तुटली.
चंद्रभागा गावित. कात्री हातात तशीच.
"एक पडलाय. दोन नको."
तिच्या गावी गाळ काढताना विहिरीत दोघे दीर गेले,
दुसरा पहिल्याला काढायला उतरला म्हणून.
"आमच्याकडं आधी कंदील सोडतात. आणू?"
नको. कंदील नको. हा पेटत नाही,
पण ज्योतीवर तापला की त्याचंच विष होतं.
त्या वेळी मला एवढं एकच आठवत होतं.

शटर वर. बाया बांधावर, वारा येत होता त्या अंगाला.
आणि दिलावर तांबोळीनं, कुणी न सांगता,
बागेत फवारणीचा ब्लोअर लावून उभा असलेला ट्रॅक्टर
उलटा हाणत दारापर्यंत आणला.
टाकीत औषध नाही, नुसता पंखा.
जो वारा रोज पानांच्या पोटाखाली शिरतो
तो त्या रात्री पायऱ्या उतरला.
धुकं हललं, फाटलं.
पेट्यांची चळत ओढायचा लांब आकडा
हिरामणच्या पट्ट्यात अडकवून आम्ही वरूनच त्याला ओढला,
एकेक पायरी, त्याच्या टाचा वाजत.

तोंडातून श्वास देत होतो. मध्येच तो स्वतःच घेतला त्यानं,
घोरल्यासारखा, ओबडधोबड.
इतका कुरूप आवाज मला कधी इतका आवडला नाही.

बोटं मेणासारखी पांढरी, पाना तळहाताला चिकटलेला.
एक बाई चोळायला धावली, तेवढ्यात बंब आला, त्यातला म्हातारा ओरडला,
चोळू नका! कोमट पाणी, कोमट.
मग दोन पोरं पाठीवर सिलिंडर बांधून उतरली.
त्यांच्या सिलिंडरात हवा होती.
व्हॉल्व त्यांनी फिरवला.

महिन्यानं हिरामणला विचारलं, खाली काय वाटलं?
"काहीच नाही," म्हणाला. "बरं वाटत होतं."
त्याची करंगळी अजून वळत नाही.

खड्डा बुजवलाय. मशीन आता वर, उघड्यावर, जाळीत.
आवाजाची तक्रार येते. येऊ दे.
रोज पाळी संपताना मी वाटीत साबण कालवतो,
ब्रशनं एकेका जोडाला फेस लावतो
आणि दम धरून बघत बसतो.
परवा तिसऱ्या जोडावर एक बुडबुडा आला,
हरभऱ्याएवढा. फुगला. थांबला.
मी बिडी कानावरून काढून
बांधापलीकडं फेकली,
आणि पाना घेतला.