बिजागरी

सूर गावात, खाडीच्या वळणावर,
जिथे अजून दोन-तीन गलबतं अर्धवट सांगाड्यानं उभी असतात,
त्यांच्या मागे ही प्राणिबाग.
नकाशात नखाएवढी.
बारा वर्षं कुलूप. कुलपालाही गंज.

मला गज कापायला बोलावलं होतं.
दीड इंची गज, खाऱ्या हवेनं चाटून
कुठे बोटाएवढे, कुठे काडीएवढे झालेले.
पहिल्याच दिवशी दिलावर मुकादम म्हणाला,
"मयेकर, अस्वलाची खोली आपल्या खोलीपेक्षा
दीड फूट मोठी आहे रे."
टेप लावून पाहिलं. होती.
हसलो. मग डबे उघडले.
तो विनोद परत कुणी केला नाही.

खमीस रोज यायचा, कामावर नसून.
वय विचारलं तर म्हणायचा,
सिंहीण आली तेव्हा मी दहाचा.
रिकाम्या पिंजऱ्यांपुढे थांबत थांबत
हजेरी घ्यायचा:
इथे बिल्कीस, तरस.
इथे दोन मोर, एकापेक्षा एक भांडकुदळ.
इथे ते माकड, ज्यानं फौजदाराचा चष्मा पळवला
आणि मरेपर्यंत परत दिला नाही.
तेवढा वेळ मी ग्राइंडर बंद ठेवायचो.

मग गाव यायला लागलं.
कुणी फोटो घेऊन, कुणी हात हलवत.
उम्म सुहैल तिकिटाचा फाटका तुकडा घेऊन आली.
लग्नानंतर नवऱ्यानं पहिल्यांदा इथेच आणलं होतं.
दुसरा तुकडा त्याच्या खिशात राहिला,
खिसा त्याच्याबरोबर समुद्रात.
नगरपालिकेच्या इंजिनियर मौझाबाईंनी
तो पाकिटात ठेवला, पाकिटावर तारीख घातली,
आणि नकाशाकडे बराच वेळ बघत राहिल्या.
दुसऱ्या दिवशी हुकूम:
सिंहाचा पिंजरा पाडायचा नाही.
दार काढा. आत बाक टाका.

जुन्यांपैकी जिवंत एकच, कासव.
नाव नाखुदा.
आमच्या देवगडला म्हणतात नाखवा.
मधल्या पाण्याचं अंतर एवढंच.

फाटक सगळ्यात शेवटी घेतलं.
रंगाचे सात थर. हिरवा, हिरवा, निळा, परत हिरवा,
खाली शेंदरी, त्याखाली काहीतरी नाव नसलेलं.
खरवडत बिजागरीपाशी आलो
आणि ओतीव लोखंडात उमटली अक्षरं:
मिरज.
बस, एवढंच. वेलांटी झिजलेली.
दिलावरनं थुंकी लावून बोटानं पुसलं,
परत वाचलं, मोठ्यानं.
कुणीतरी भट्टीसमोर घामाघूम होऊन ओतलं असणार,
खजूर उतरवून परतणाऱ्या गलबतात कुणी चढवलं असणार,
आणि इतकी वर्षं या गावाची पोरं
त्या नावावर लोंबकळत झोके घेत राहिली.

खमीसनं विचारलं, काय लिहिलंय?
म्हटलं, एका गावाचं नाव.
"तुझ्या?"
नाही. मिरजेला मी कधी गेलेलो नाही.
खरं तेच बोललो,
तरी जीभ जरा अडखळली.

उद्घाटनाला फीत, खुर्च्या, कहवा, सगळं होतं.
भाषण सुरू व्हायच्या आत
नाखुदा फाटकातून बाहेर पडला
आणि खाडीच्या दिशेनं निघाला.
कुणी अडवलं नाही.
पाहुणे उठले, खुर्च्या सरकल्या, गाव दुभंगून वाट झाली.
खमीस त्याच्या मागे चालत होता, पुढे नाही.
पाण्यापर्यंत पोचायला संध्याकाळ झाली.
नाखुदानं पाणी पाहिलं, मान आत घेतली,
आणि स्वतःच वळला.

नियमानं बिजागरीवर प्रायमर, मग रंग.
मौझाबाईंनी वाकून पाहिलं.
"एवढं उघडं राहू दे."
उघडं लोखंड इथे सहा महिन्यांत जातं,
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
म्हणून शुक्रवारी, सुट्टीला, मी तेलाची बाटली घेऊन जातो.
खमीस आता खिडकीत बसतो, गणवेशात.
माझ्याकडून तिकीट घ्यायला तयार नसतो.
मी देतोच,
रांगेत उभा राहून,
गावकरी देतात तसे.