शेऱ्याचा रकाना

वरून पत्र आलं: शाळेनंतरच्या धंदेशिक्षणावर
सरकार माणशी किती खर्च करतं,
आपलं आणि जर्मनीचं, तुलना करून तात्काळ पाठवा.
पुण्याला परिसंवाद आहे.
प्राचार्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला,
कारण भांडाराच्या चाव्या माझ्याकडे
आणि अझीम होडेकरचा नंबरही माझ्याकडेच.

हर्णै बंदराच्या वर, काजूच्या बागेला लागून आमची संस्था.
खिडकीतून समुद्र दिसत नाही,
पण त्याला आमचं लोखंड बरोबर सापडतं.
पान्यांवर, व्हाइसवर, लेथच्या पाटावर तांबूस लव.
ग्रीसचा एक डबा, तीन महिने.

डिझेल मेकॅनिकच्या मुलांसाठी एक इंजिन आहे, दोन सिलिंडरचं.
अठरा तुकड्यांनी ते उघडलं, पुसलं, परत बसवलं.
सुरू झालेलं कोणी पाहिलं नाही.
इंजिन येतं यंत्रसामग्रीत, डिझेल येतं वाहनखर्चात,
आणि वाहन म्हणजे संस्थेची जीप,
जी मी इथे लागायच्या आधीच निर्लेखित झाली.

अझीम ब्रेमरहाफेनला असतो. तिथेही बंदर, तिथेही मासळीचा वास,
फक्त थंड, असं म्हणाला.
"मॅडम, पहिल्या दिवशी इंजिन चालू करून दिलं
आणि उस्ताद म्हणाला, ऐक.
आठवडाभर नुसतं ऐकायचं."
आणि गॅस्केट?
"दर वेळी नवं."
मी पुन्हा विचारलं.
"दर वेळी, मॅडम."
आमचं गॅस्केट आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं,
कोळथरकर सर ब्लेडने कापतात, जीभ दातात धरून.

मग तो हसत सांगू लागला,
झिजल्या डोक्याचा एक बोल्ट तिथे कोणाला सुटेना,
यानं छिन्नीच्या तीन टोल्यांत फिरवला.
उस्तादानं विचारलं, कुठे शिकलास?
मलाही क्षणभर बरं वाटलं.
फोन ठेवल्यावर वाटेनासं झालं.
आमचे बोल्ट अठरा वर्षं तेच आहेत म्हणून झिजलेत.
याला काटकसर म्हणून मी कुठल्याही रकान्यात घालणार नाही.

तरी आकडे मांडले. युरोला गुणलं, मुलांनी भागलं,
तिकडच्या कंपनीचा वाटा वेगळा काढला,
शिकता शिकता मिळणारा पगार कुठे दाखवावा कळेना.
आपल्या बाजूचं उत्तर इतकं लहान आलं
की संध्याकाळी लिलावाला गेले तेव्हा उगाच ताडून पाहिलं:
एका मुलाच्या महिन्याच्या कच्च्या मालात
एक मध्यम सुरमई येते,
तीही पाट्या रिकाम्या होताना, घासाघीस केली तर.

आणि हेही सांगायला हवं की पैसे येतात.
यंदा आले मार्चच्या सव्वीसला.
दरपत्रकं हवीत तीन, दापोलीत दुकानं दोन.
एकतीसला परत गेले.
अशा निधीला आमच्या भाषेत 'समर्पित' म्हणतात,
पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहितात ना, तसंच.
फक्त कोणाला, ते लिहायला जागा नसते.

शनिवारी कोळथरकर सर मुलांना बंदरावर घेऊन गेले.
रघुवीर पावसेंच्या बोटीची जाळी शिवायची होती,
बोट उभी होती. त्यांनी इंजिन चालू केलं.
सर काहीच शिकवेनात.
पोरं वाकून उभी, एकाचा तळहात झाकणावर,
मागचा विचारतोय, हेच का ते, टायमिंग म्हणतात ते?
धूर माझ्या पदरात बसला, अजून निघाला नाही.

तक्ता पाठवला. दोन देश, दोन रकाने, बेरजा.
शेऱ्यात लिहिलं:
चौदा मुलं, अठरा मिनिटं, डिझेल पावसेंचं.
प्राचार्यांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकून
खाली सही केली.