एका जणीचं पीठ

दिवसभर मी बिया मोजते.
सोयाबीनच्या शंभर, पुन्हा शंभर, पुन्हा शंभर,
ओल्या कागदाच्या गुंडाळीत निजवते
आणि आठव्या दिवशी उलगडून बघते
कोण उठलं, कोण तसंच राहिलं.
नमुना क्रमांक, तारीख, टक्के.
सही साहेबांची.

संध्याकाळी वसमत रोडच्या खोलीवर येते.
खिडकीखाली ओटा, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी,
त्यातला एक बंद आहे.
दुरुस्त करायचा राहिला, मग लागेनासाच झाला.

पहिले पंधरा दिवस हात ऐकेना.
परातीत सहा जणांचं पीठ पडायचं,
डाळ सहा जणांची शिजायची.
रात्री वरण, सकाळी वरण, डब्यात वरण,
तिसऱ्या दिवशी त्याला येसर लावून
मी मलाच फसवायची.

खंदारेबाई म्हणाल्या, मेस लाव की.
एकटीसाठी कामून भांडी काळी करायची?
मंठ्याहून भाऊ फोन करतो : जेवलीस का?
काय जेवलीस, हे विचारत नाही.
एकटीनं खाल्लेलं त्याच्या लेखी फराळ असतो.

डॉक्टरीणबाईंनी मात्र कागद वर करून बघितला.
म्हणाल्या, रक्त आठ.
आठवर इतकी वर्षं उभ्या कशा होतात तुम्ही?
मी म्हणाले, कामं होती.

मग माप धरलं.
तूरडाळ एक मूठ, माझी.
ज्वारीच्या कण्या अर्धी वाटी, वर ताक, वर जिरं.
मटकी फडक्यात, लिंबाएवढी पुरचुंडी.
करडईचं तेल चमच्यानं, बुधल्यातून धार नाही.
मीठ सगळ्यात अवघड गेलं.
सहा जणांचं मीठ बोटांना पाठ होतं,
एकीचं कुणी शिकवलंच नव्हतं.

शनिवारच्या बाजारात हलिमाबी
करडईची अर्धी जुडी द्यायला तयार नव्हती.
जुडीचा जीव तो केवढा बाई, त्याचे दोन तुकडे कशाला?
पुढच्या शनिवारी स्वतःच सुतळी सोडली.
अर्धी मला दिली, अर्धी पोत्याखाली ठेवली.
म्हणाली, कचेरीतला एक माणूस येतो अंधार पडल्यावर,
त्योबी अर्धीच नेतो.
मी त्याला बघितलेलं नाही.
पण शनिवारी रात्री लसूण ठेचताना वाटतं
की गावात कुठंतरी
माझ्याच जुडीचा दुसरा अर्धा भाग चिरला जातोय,
आणि त्याला देठं काढायची कळतात की नाही कोण जाणे.

आता भाकरी.
त्या घरात पहिली भाकरी सासऱ्यांची,
मग त्यांची, मग दिराची, मग पोरांसारखी वागणाऱ्या मोठ्यांची.
माझी शेवटची.
परातीच्या कडा खरवडून केलेली,
एका बाजूला जाड, विझत्या आचेवर फुगायची राहिलेली.
तेरा वर्षं मी शेवटचीच भाकरी खाल्ली.
पहिलीची चव कशी असते,
मला खरंच माहीत नव्हतं.

काल पीठ मळलं एकीचं.
गरम पाण्याचा हात, परातीवर थापताना तोच आवाज,
फक्त थोडा वेळ.
तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, जाळावर धरली,
टम्म.
वाफ निघाली तेव्हा सवयीनं वळून बघितलं
कुणाच्या ताटात टाकायची.
दाराशी पाण्याची कळशी होती.
नळाला पाणी उद्या नाहीतर परवा.

पापुद्रा काढला, आत जवसाची चटणी भरली.
बोटं भाजली, तशीच खाल्ली, उभ्यानं.
मग लक्षात आलं, घाई नाही.
बसले.
ताट घेतलं, कांदा फोडला, भाजी वाढली, मला.

भाजीत मीठ जरा जास्त झालं होतं.
कुणी काही बोललं नाही.
कुणी ताट सरकवलं नाही.
मी भाजीत दोन चमचे दही कालवलं
आणि जेवत राहिले.