दार बाहेर उघडतं

दोऱ्याची रिळं चोरीला जातात
म्हणून मागच्या दाराला कुलूप होतं.
हे आम्हाला हिंदीत सांगितलं, मग सिंहलीत, मग बंगालीत.
तिन्ही भाषांत चोर आम्हीच.

सित्र्याच्या त्या शेडमध्ये शंभरावर मशिनी.
माझी काजांची. शेजारी दिल्रुक्षी, बटणांची.
मी बटणाचं घर बांधायचे,
ती भाडेकरू पाठवायची.
विनोद शिळा झाला होता, तरी रोज हसायचो.

आग इस्त्रीच्या कोपऱ्यातून आली.
आधी नुसता वास, जळक्या नायलॉनचा, गोडसर.
सुपरवायझर म्हणाला, बसा, काही नाही.
आणि आम्ही बसलो.
हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही,
की चांगली दोन मिनिटं आम्ही बसून होतो,
पाय पेडलवर,
आणि मी हातातलं काज पुरं केलं.

किल्ली मुदीरच्या गाडीत होती.
गाडी जेवायला गेली होती.

मी संडासाच्या जाळीतून निघाले. खांदा अजून धरतो.
बाकीच्या दाराकडे गेल्या.
कुलूप तुटलं शेवटी, बाहेरून कुणी तोडलं.
तरी दार उघडेना.
ते आत उघडायचं,
आणि आत त्या उभ्या होत्या.

पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, तेही जळाले.
सत्तावीस बायका आणि कागदावर एकही नाही.
शवागारात आम्हाला बोलावलं.
चेहऱ्यांकडे बघण्यासारखं नव्हतं,
मग आम्ही शिलाई पाहिली.
हा दुहेरी टाका मनमायाचा, दोरा दातानं तोडायची.
ही दुमड शेफालीची, घाईची, तिला ईदला घरी जायचं होतं.
आणि हे बटण, उलट्या वेढ्यानं बसवलेलं,
अर्धं वितळलेलं.
घर माझं होतं.
कारकून लिहीत गेला.
'ओळख कशावरून पटली' या रकान्यात
तो बराच वेळ पेन टेकवून थांबला.

कंपनी म्हणाली, तिकिटं काढतो, आपापल्या गावी जा.

सोलापुरात माझी आई विड्या वळायची.
कारखानदार छाट काढायचा, हजारात दोनशे,
आणि छाटलेल्या विड्या स्वतःच विकायचा.
एक दिवस ती रिकामं सूप घेऊन
कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसली.
बोलता तिला कधीच येत नव्हतं.
दिवेलागणीपर्यंत पायरी पुरेना.

म्हणून आम्हीही बसलो. कामगार खात्यासमोर,
जूनमध्ये, भर बारा वाजता,
चाळीस जणी, सहा भाषा,
सगळ्यांना येईल असं एकच वाक्य:
वेन इल-मिफ्ताह? किल्ली कुठंय?

तिसऱ्या दिवशी उम्म जाफर आल्या, सित्र्याच्याच.
बर्फाची पेटी ठेवली, अबाया सावरला, बसल्या.
त्यांच्यामागे जावा, मग शेजारणी,
मग शाळेतल्या एक बाई, ज्यांनी आमचं अरबी सुधारलं.
पोलिसाला आपल्याच मावशीला उठवता येईना.

नियम व्हायला तेरा महिने लागले.
दार बाहेर उघडेल. शिफ्ट चालू असताना कुलूप नाही.
पासपोर्ट जिचा, तिच्या ट्रंकेत.
मी तो कागद दोनदा वाचून घेतला.
त्यात दिल्रुक्षी नव्हती.
नियमात नावं घालत नाहीत, बाई म्हणाल्या.

आता बायकांच्या वतीनं मी तपासणीला जाते.
गेल्या मंगळवारी हिद्दला एक कारखाना,
दार नवं, कडी चकचकीत,
बाहेरून कापडाचे गठ्ठे रचलेले, छातीएवढे.
आजच्यापुरतेच, मॅडम, मालक म्हणाला.
काही नाही, तुम्ही बसा,
आणि खुर्ची पुढे केली.

मी उभीच राहिले
शेवटचा गठ्ठा हलेपर्यंत.