उरलेला त

चिखलाबोडीच्या घरटॅक्सच्या यादीत सातशे बारा नावं,
बहुतेकांआधी श्री.
सचिव म्हणाले, नव्या नमुन्यात रकाना अरुंद आहे,
श्री. काढून टाका, घरडे बाई.

मी दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला.
शोध: श्री आणि पुढे टिंब.
जागी ठेव: काहीच नाही.
आणि दाराशी खर्रा घोटणाऱ्या शिपायाकडे बघत
एन्टर दाबलं.

मला ठाऊक नव्हतं,
आपण ज्याला टिंब म्हणतो
त्याला ते मशीन म्हणतं, कोणीही.
श्रीच्या शेजारी जो बसला असेल तो.
उचल.

दुसऱ्या दिवशी श्रीपत नेवारे आले,
बोडीतून थेट, पोटऱ्यांना शिंगाड्याचा चिखल.
पावती टेबलावर ठेवली.
'माह्या नावाचा त राह्यला जी फक्त.
तुमी त वरून ताकभात वळखान,
बँकेतला पोरगा नाई वळखत.'

यादी उघडली.
श्रीधरचा र.
जयश्री उईकेची जयउईके, मधली मोकळी जागासुद्धा गिळलेली.
श्रीराम कोवेंचा काना
ठिपक्यांच्या एका रिकाम्या गोलाला टेकून उभा,
घर चुकल्यासारखा.
आणि गावात जेवढ्या श्रीमती होत्या
त्या सगळ्यांची झाली होती
ती.

रात्री लाइन आली तेव्हा उपाय सापडला.
टिंबाआधी एक तिरपी रेघ.
कुंपणाच्या खिंडारात तुऱ्हाटी रोवतो ना आपण
तशी, कलती.
रेघ म्हणते, हे टिंबच आहे,
यात दुसरं कोणी शोधू नको.
एवढंच म्हणते.

मूळ यादी पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचले.
पुन्हा छापलं.
नेवारेंनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं,
श्री, प, त,
आणि जुन्या पावतीत बांधून
चार शिंगाडे मला दिले.

पार्बताबाई मसराम मात्र नवी पावती घेईना.
नवरा जाऊन अकरा वर्षं,
तेव्हापासून साऱ्या कागदांवर श्रीमती.
कालची पावती तिला नातीनं वाचून दाखवली होती.
'तेच राहू दे वो बाई,' म्हणाली,
'ती पार्बता मसराम.
मीच हाय नं ती.'

सचिव जेवायला गेले होते.
प्रोग्रामला हात लावला नाही.
तिच्या ओळीपाशी गेले,
आणि बोटानंच, एकेक करून,
श्रीम पुसलं.